थांबवणारा

पहिल्या फेरीत मी विक्रांतला तीनदा थांबवलं आणि तिन्ही वेळा शैल्यानं त्याचं डोकं उडवलं.

"आजून एकदा दे," शैल्या म्हणाला. "आता मला त्याचा डावा कान पायजे."

"हेल्मेट घातलंय त्यानं."

"मग हेल्मेटसकट दे की. मी काय नको म्हणतोय?"

विक्रांत जिन्यावरून उतरत होता. मी काचेचा गोळा फेकला, तो त्याच्या पायाशी फुटला आणि विक्रांत एक पाय हवेत ठेवून जागच्या जागी गोठला. बंदुकीच्या नळीतून निघालेली त्याची गोळीसुद्धा हातभर अंतरावर लटकून राहिली. शैल्या निवांत चालत त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या डाव्या कानाला नळी लावून त्यानं चार गोळ्या घातल्या. काहीच झालं नाही. थांबलेल्या माणसाला गोळ्या लागतात, पण जखमा उघडत नाहीत. दोन सेकंद सरले, वेळ सुटली आणि चारही जखमा एकदम उघडल्या. भिंत लाल झाली.

माझ्या पाठीमागे उभे असलेले पन्नासेक लोक ओरडले. पडद्याच्या पलीकडच्या बाजूला, टेबलाआड बसलेल्या खऱ्या विक्रांत सासनेनं कीबोर्डावर मूठ आपटली.

त्या दुपारची हकिगत मी आजवर दोनदा सांगितली आहे. एकदा पोलिसांना आणि एकदा कोर्टात. दोन्ही वेळा खोटं बोललो नाही. तरी माझ्या खऱ्या बोलण्यानं एक माणूस सहा वर्षं आत बसला, म्हणून आता तिसऱ्यांदा सांगतो.

इचलकरंजीत भूपालअण्णांची यंत्रमागाची शेड होती. वरच्या मजल्यावर अण्णांनी सोळा कॉम्प्युटर टाकून गेमिंग कॅफे काढला होता. खाली मागांची खटखट, वर बंदुकांची. मी वीस वर्षांचा होतो, कॉलेजात नाव होतं आणि हजेरी इथं होती. श्रीशैल कोष्टी, म्हणजे शैल्या, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो खालीच मागावर कामाला होता. पाळी सुटली की अंगावरचा कापूस झटकत वर यायचा आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. सुतात पडलेले गुंते सोडवून त्याची बोटं इतकी चपळ झाली होती की माऊसवर ती हललेली दिसायचीच नाहीत.

खेळाचं नाव 'डेड सेकंड'. दोघांची जोडी विरुद्ध दोघांची जोडी, फेरीत प्रत्येकाला पाच जीव. प्रत्येकाला वेळेवरची एक करामत मिळायची. कुणी वेळ थांबवायचा, तर कुणी पाच सेकंद मागं जायचा. विक्रांत मागं जाणारा होता. त्याला मारला की तो पाच सेकंद मागं जाऊन जिवंत उभा राहायचा आणि दात काढायचा. त्याला मारायचा तर आधी थांबवायला हवा, कारण थांबलेल्याला मागं जाता येत नाही. थांबवणारा मी. पण त्यात एक मेख होती. ज्यानं वेळ धरून ठेवली आहे, त्याची बंदूक तेवढा वेळ चालत नाही. थांबवणारा मारू शकत नाही. मारणारा दुसराच लागतो.

भूपालअण्णांना हे फार आवडलं होतं. "काळ आला हुता पण वेळ आली न्हवती, आसं म्हंत्यात न्हवं?" ते गिऱ्हाइकांना सांगायचे. "हितं दोघंबी एकदम येत्यात. ह्यो अभिनंदन म्हंजे वेळ, आन् त्यो श्रीशैल म्हंजे काळ." फलकावर त्यांनी आमच्या जोडीचं नावच 'काळवेळ' लिहून टाकलं.

आणि आमचा एक शब्द होता. सुरुवातीला गोळा लागला की मी 'फ्रीझ' ओरडायचो. पण हॉल एवढासा, बोलणं समोरच्यालाही ऐकू जायचं आणि तो सावध व्हायचा. शैल्यानं तोड काढली.

"तू 'थांब' म्हण."

"थांब म्हटल्यावर तू थांबशील."

"मी कशाला थांबतोय? मला ठावं हाय न्हवं. 'थांब' म्हंजे 'धरलाय, हाण'. समोरचा ऐकंल तर त्येला वाटंल, ह्यांचं आजून तयार न्हाई. सैल पडंल. थांब म्हटलं की माणूस सैल पडतोच. बघ कवातरी."

मी बघितलं, आणि ते खरं होतं. मग मी त्यात माझी भर घातली. साधं 'थांब' म्हणायचो नाही. गयावया करून म्हणायचो. "थांब, थांब, अरे थांब की रे." जितका माझा आवाज केविलवाणा, तितकी माझी पकड पक्की, असा आमचा हिशेब बसला. दोन वर्षं रोज चार-चार तास शैल्या माझं केविलवाणं 'थांब' ऐकत होता आणि ऐकल्या क्षणी माणसं मारत होता. हजारांनी मारली असतील. शेवटी शेवटी तर तो पडद्याकडे बघतही नसे. शब्द कानावर पडला की त्याचं बोट चालायचं.

त्या रविवारी अंतिम सामना होता. मिरजेची जोडी आली होती, विक्रांत आणि त्याचा मावसभाऊ. जिंकेल ती जोडी पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जाणार होती, आणि पुण्याच्या एका संघाचा माणूस शैल्याचा खेळ बघायला खास येऊन बसला होता. शैल्यासाठी ती एकच वाट होती मागावरून उठायची. मागांच्या खटखटीनं त्याच्या वडलांना चाळिशीत ऐकू येईनासं झालं होतं. शैल्या म्हणायचा, "कान जायच्या आत मला बोटांचं कायतरी करायला पायजे."

चार फेऱ्यांत दोन-दोन अशी बरोबरी झाली. पाचव्या फेरीत विक्रांत एकटा उरला आणि आम्ही दोघे. तो भिंतीआड दबून बसला होता. गोळा टाकायला मला जागा नव्हती. तेव्हा मी ते केलं, जे त्या आधी कधी केलं नव्हतं. गोळा न टाकताच ओरडलो. "थांब, थांब, अरे शैल्या थांब की, संपलेत माझे गोळे." विक्रांत भिंतीआडून बाहेर आला. मी गोळा फेकला. शैल्यानं सगळी बंदूक त्याच्या तोंडात रिकामी केली.

वेळ सुटल्यावर पडद्यावर जे झालं ते बघून पुण्याचा पाहुणासुद्धा हसला.

विक्रांत उठून आमच्या टेबलाशी आला. चेहरा उतरला नव्हता, आवळला होता. "तोंडानं थांब म्हणायचं आणि गोळी घालायची," तो मला म्हणाला. "कळलं मला. दोन वर्षं ह्यावरच जिंकताय व्हय रे?"

"खेळ आहे," मी म्हणालो.

"खेळ तर खेळ." तो हसला आणि निघून गेला. मला वाटलं, संपलं.

मागच्या अंगणात नळ होता. खाली शेडला लागून, माग बंद असल्यानं सगळं शांत. शैल्या तोंड धुवायला गेला. मी वर पुण्याच्या पाहुण्याशी बोलत होतो, तेवढ्यात खालून आवाज आला. माणूस असा ओरडू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मी जिन्यावरून धावलो. अंगणात जायच्या लोखंडी दाराच्या चौकटीत शैल्याचा उजवा हात होता. विक्रांतच्या मावसभावानं मनगट धरून तो चौकटीवर दाबला होता, आणि विक्रांत दार लावत होता. एकदा लावलं. उघडलं. परत लावलं. दुसऱ्या वेळी हाडांचा आवाज मी ऐकला.

"आता घाल गोळी," विक्रांत म्हणत होता. "घाल की."

मी मावसभावाला लाथ घातली. तो नळाच्या हौदावर कोसळला आणि तिथंच पोट धरून बसला. शैल्या दारातून सुटून मागं भेलकांडला. त्याची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. तो त्यांच्याकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्याची होती. विक्रांत परत त्याच्याकडे निघाला. मी मागून झेप घेतली आणि त्याच्या दोन्ही काखांतून हात घालून त्याला आवळला. तो माझ्याहून ताकदीचा होता. त्यानं डोकं मागं हाणलं, माझं नाक फुटलं, तोंडात रक्त आलं. मी सोडलं नाही. त्यानं टाचेनं माझी नडगी सोलली. मी सोडलं नाही.

तोवर जिना माणसांनी भरला होता. अण्णा ओरडत होते, "आरं सोडवा कुणीतरी." पोरं ओरडत होती, "मार शैल्या, मार, मार त्येला."

शेडच्या भिंतीला जुन्या धोट्यांची टोपली होती. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो. हातभर लांबीचा, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. मागावरून उडाला तर माणसाचा डोळा घेऊन जातो. शैल्यानं डाव्या हातानं एक धोटा उचलला. पोरं 'मार, मार' करत होती, पण तो हलत नव्हता. धोटा खाली धरून नुसता उभा होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. इतक्या गोंगाटात त्याला दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नव्हतं, हे मला दिसत होतं. दोन वर्षं त्यानं कानांत फक्त माझा आवाज घातला होता.

माझे हात सुटत आले होते. विक्रांतनं एक खांदा मोकळा केला. मी त्याला परत खेचला, बोटांत बोटं अडकवली, पकड बसली.

आणि मी ओरडलो, "थांब, थांब, अरे थांब की रे."

जिन्यावरची माणसं गप्प झाली. अण्णांनी सुटकेचा श्वास टाकला, तोही मला ऐकू आला. सगळे सैल पडले. एकटा विक्रांत सैल पडला नाही. शब्द ऐकताच तो माझ्या हातांत जिवाच्या आकांतानं धडपडला, मान फिरवली, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाला, "नको."

शैल्या दोन पावलं पुढं आला. धोट्याची अणी विक्रांतच्या डाव्या कानाच्या वर, कानशिलात गेली.

क्षणभर काहीच झालं नाही. रक्त नाही, आवाज नाही. विक्रांत माझ्या हातांत तसाच उभा. मग एकदम सगळं आलं. माझ्या शर्टावर, हातांवर, तोंडात. त्याचे पाय गेले तरी मी त्याला धरून होतो. अण्णांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

तिसऱ्या दिवशी विक्रांत सांगलीच्या दवाखान्यात वारला.

पोलिसांनी पंधरा जणांचे जबाब घेतले. पंधराही जणांनी सांगितलं की अभिनंदन चौगुले सोडवायला गेला, त्यानं मयताला बाजूला ओढलं, आणि तो 'थांब, थांब' असं ओरडत होता. विक्रांतच्या मावसभावानंही हेच सांगितलं. विक्रांतला आमची खूण कळली होती, पण बहुतेक त्यानं ती भावाला सांगितली नव्हती. फौजदारांनी मला पाणी दिलं, नाकाला कापूस दिला. "तू केलंस ते बरोबर केलंस," असं म्हणाले. मी साक्षीदार झालो.

खटला दीड वर्षानं उभा राहिला. मी पिंजऱ्यात गेलो तेव्हा समोर शैल्या होता. बोटं वाकडीच जुळली होती.

"तुम्ही आरोपीला काय म्हणालात?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"थांब."

"एकदाच?"

"तीनदा."

"मोठ्याने?"

"हो."

"तरीही त्याने मारलं?"

मी शैल्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, त्या वकिलांच्या काळ्या डगल्याकडे बघत होता. त्या 'तरीही'च्या जागी 'म्हणून' एवढं मी घातलं असतं, तर पुढचे दहा प्रश्न मला आले असते आणि त्यानंतर मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो असतो. माझी आई मागच्या बाकावर बसली होती. मला भीती वाटली. दुसरं कारण नाही, उगाच मोठं करून सांगत नाही. मला भीती वाटली.

"हो," मी म्हणालो. "तरीही."

शेवटी न्यायाधीशांनी शैल्याला विचारलं, काही सांगायचंय का. तो उठला. "अभिनं थांब म्हटलं," तो म्हणाला. "मी त्येचं ऐकलं."

कारकुनानं ते लिहून घेतलं. निकालात आलं की साक्षीदाराने थांबण्यास सांगितल्याचे आरोपीने स्वतः ऐकले असून, ऐकूनही वार केला. त्याच्या वकिलांनी बोटांचा मुद्दा लावून धरला, म्हणून खुनाचा सदोष मनुष्यवध झाला. सात वर्षं लागली. चांगल्या वागणुकीची सूट धरून सहा भोगली.

मी एकदाही भेटायला गेलो नाही.

गेल्या वर्षी तो दुकानात आला. आता माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे, भिंतीवर आठ पडदे सतत चालू असतात. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तो आत आला आणि आधी मी त्याला पडद्यावर बघितला, मग समोर. केस गेले होते. मी काउंटरमागं उभा राहिलो आणि ह्या माणसानं मला आता मारावं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

"बरं चाललंय की," तो पडद्यांकडे बघत म्हणाला.

"चाललंय."

"मागचं दिसतंय ह्यात?"

"महिनाभराचं. हवं तेवढं मागं नेता येतं."

"आन् आवाज?"

"आवाज नाही. नुसतं चित्र."

"मग काय उपेग," शैल्या म्हणाला आणि स्टुलावर बसला. उजवा हात त्यानं काउंटरवर ठेवला. "मागावर धागा तुटला की माग थांबवायचा, चाक हातानं उलटं फिरवायचं, तुटला तितं यायचं. आत बसून मी सहा वर्षं त्येच केलं बघ. फिरवत तितं येतोय, पर धागा गावंना. एक इचारू?"

"विचार."

"त्ये थांब कुठलं हुतं? आपलं का लोकांचं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी आठ वर्षं तयार ठेवलं होतं. लोकांचं. मी खरंच तुला थांबवत होतो, तुझी चूक झाली, माझीही झाली, शब्दानं घात केला. आईला मी हेच सांगितलं होतं, बायकोलाही, आणि बरेच दिवस स्वतःलाही. त्यात एकच गोष्ट बसत नव्हती. शैल्याला थांबवायचं असतं, तर मी विक्रांतला सोडलं असतं. हात सोडून मध्ये आलो असतो. मी पकड बसण्याची वाट बघितली होती. पकड बसली, मगच ओरडलो होतो. आणि वार झाल्यावरही धरून होतो.

"आपलं," मी म्हणालो.

शैल्यानं डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले. तो रडेल किंवा उठून माझा गळा धरेल, असं वाटलं. त्यातलं काहीच त्यानं केलं नाही.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "मला वाटायचं, मीच चुकीचं ऐकलं. तू खरंच थांब म्हंत हुतास आन् मी माणूस मारला. सहा वर्षं येवढंच डोक्यात. जोडीदाराचं मी चुकीचं ऐकलं."

"शैल्या, मी कोर्टात..."

"कोर्टाचं ऱ्हाऊ दे. त्येंला काय खेळ कळतोय?"

तो उठला. दाराकडे वळला. त्याला असंच जाऊ द्यायचं नव्हतं मला. काय करायचं होतं तेही ठाऊक नव्हतं, निदान बसवायचं होतं. आवाज रडवेला झाला, तो काही मी मुद्दाम केला नाही.

"शैल्या, थांब. थांब की रे, चहा सांगतो."

तो गर्रकन वळला. वाकड्या बोटांची उजवी मूठ खांद्यापर्यंत वर आली होती, आणि त्याची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या शेजारी होती. मी कुणाला धरून ठेवलंय, ते तो शोधत होता.

तिथं कुणीच नव्हतं. मग त्याची नजर हळूहळू माझ्यावर आली. मी डोळे मिटून घेतले आणि वाट बघत उभा राहिलो.

बराच वेळ काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा स्टूल रिकामं होतं. पाचव्या पडद्यावर तो रस्ता ओलांडत होता, उजवा हात खिशात घातलेला.